सेंटरमध्ये जमतं, घरी का नाही? स्वमग्न मुलाच्या पालकांसाठी वर्तन-उपचाराचा घरातला क्रम

थेरपी सेंटरमध्ये मूल हात पुढे करून 'दे' म्हणतं आणि घरी त्याच डब्यासाठी लादीवर डोकं आपटतं. मुंबईतल्या पालकांशी बोलताना ही तक्रार सतत कानावर येते. घरचे तिचे दोन अर्थ लावतात: एक तर मूल आईसमोर नाटक करतं, नाहीतर थेरपिस्ट खोटं सांगते. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. एका खोलीत, एका माणसाबरोबर शिकलेलं दुसरीकडे वापरणं ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांना खरोखर अवघड जातं. ते घरात वेगळं शिकवावं लागतं आणि तिथे थेरपिस्ट नसते, तुम्ही असता.

पालकांनी नुसती माहिती घेणं आणि हातानं करून शिकणं यांत किती फरक पडतो, हे अमेरिकेत २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलं गेलं. ३ ते ७ वर्षांची १८० मुलं, २४ आठवडे. अर्ध्या पालकांना ऑटिझमबद्दल माहिती दिली, अर्ध्यांना वर्तन हाताळण्याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण दिलं. सुधारणा दोन्हीकडे दिसली, पण त्रासदायक वर्तन प्रशिक्षण घेतलेल्यांच्या घरात जास्त कमी झालं.

प्रशिक्षण घेऊनही अनेक घरांत गाडी अडते, कारण क्रम उलटा लागतो. पालक सुरुवात करतात ती 'हे वर्तन बंद कसं करायचं' इथून. ते काम या लेखात आठव्या टप्प्यावर आहे. आधीचे सात टप्पे नीट झाले, तर आठव्यावर करण्यासारखं बरंच कमी उरतं.

## टप्पा १: आधी शरीर तपासा, मग माणसं निवडा

वागणं अचानक बिघडलं असेल तर पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानातलं इन्फेक्शन, अपुरी झोप, पित्त: ज्या मुलाला 'दुखतंय' सांगता येत नाही, ते चावून, मारून किंवा रडून सांगतं. ऑटिझमसोबत फिट्स येण्याचं प्रमाणही इतर मुलांपेक्षा जास्त असतं. मूल मध्येच एकटक थिजून जात असेल तर त्याचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवण हाच तिचा विषय आहे.

थेरपिस्ट निवडताना कागद बघायला लाजू नका. स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि प्रत्येकाला नोंदणी क्रमांक असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं आणि शरीराच्या संवेदना यांवर काम करणाऱ्यांची) नोंदणी राज्याच्या वेगळ्या परिषदेकडे असते. एबीए, म्हणजे वर्तन-उपचाराची एक प्रचलित पद्धत, करणाऱ्यांकडे परदेशी प्रमाणपत्र असू शकतं. ते आरसीआयच्या नोंदणीपेक्षा वेगळं आहे, म्हणून दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा.

पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा. मी सेशनला आत बसू शकतो का? घरी काय करायचं ते मला करून दाखवाल का, आणि मी करताना बघाल का? मूल रडलं, नाही म्हणालं, तर तुम्ही काय करता?

सावधान: 'पालक आत आले की मुलाचं लक्ष जातं' हे पहिले काही दिवस खरं असू शकतं. महिनोन्‌महिने दार बंद, काचेतून किंवा व्हिडिओवरही बघायला मिळत नाही आणि बाहेर आल्यावर फक्त 'आज छान होता' एवढंच कळतं, असं असेल तर ती जागा सोडा. 'सहा महिन्यांत बरा करतो' असं सांगणाऱ्यांनाही नमस्कार करा.

याच काळात कागदपत्रांचं काम सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, मिळतं. प्रमाणपत्र हातात आलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत नाव घाला. वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात धरलेला आहे.

## टप्पा २: घरातल्या सगळ्यांचे शब्द एक करा

आई म्हणते 'पाणी हवं?', बाबा म्हणतात 'वॉटर?', आजी म्हणते 'मम्मं पायजे का माझ्या राजाला?' आणि सेंटरमध्ये शिकवतात 'पानी'. ज्या मुलाला एक शब्द पकडायला महिनाभर लागतो, त्याच्यापुढे आपण एका तहानेसाठी चार शब्द ठेवतो.

एका कागदावर दहा-बारा शब्द लिहा: पाणी, दे, अजून, नको, पुरे, थांब, शू, दुखतंय, बाहेर, उघड. घरात हेच वापरायचे. हाच कागद थेरपिस्टला द्या आणि सेशनमध्ये मराठी शब्द वापरायला सांगा. थेरपिस्ट हिंदी-इंग्रजी बोलणारी असली तरी बारा शब्द तिला सहज येतील. 'घरी मराठी बंद करा, एकच इंग्रजी ठेवा' असा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. आणि ज्या भाषेत आजी गाते, मावशी हाक मारते, ती भाषा त्याच्यापासून काढून घेऊन त्याला काय मिळणार?

आता आजी-आजोबा. नातू रडला की आजी बिस्किट देते. रडण्यानं बिस्किट मिळतं हे मूल शिकतं. त्यावर सून म्हणते, 'आई, तो रडला की काही देऊ नका.' घरात दोन दिवस अबोला. त्यापेक्षा आजींना काम द्या: 'आई, दुपारचं बिस्किट तुमच्याच हातून द्यायचं. त्यानं हात पुढे केला की लगेच द्या.' ज्या आजीला काम मिळतं, ती ते सगळ्यांत नेमानं करते, असा माझा अनुभव आहे. कामाला येणाऱ्या मावशींनाही हेच एक वाक्य सांगा, दिवसाचे दोन तास त्याही घरात असतात.

तपासून पाहा: घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, 'त्याला पाणी हवं असेल तर आपण काय म्हणायचं?' उत्तर एकच आलं तर पुढे जा.

## टप्पा ३: आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त लिहा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. दोनशे पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. वर वेळ लिहा. असं:

*संध्या. ७.४०. आधी: कुकरची शिट्टी झाली, टीव्ही चालू, ताई अभ्यासाला बसलेली. केलं: कानावर हात, ताईच्या पाठीत दोन फटके, ओरडणं, ३ मिनिटं. नंतर: आईनं गॅस बंद केला, उचलून गॅलरीत नेलं.*

*सकाळी ८.१०. आधी: बाबा मोबाइलवर, मूल शेजारी बसलेलं. केलं: बाबांच्या हाताला चावला. नंतर: बाबांनी मोबाइल ठेवला, ओरडले, मग जवळ घेतलं.*

दोन्ही वेळा मुलानं समोरच्याला इजा केली, पण पहिल्यात त्याला आवाजातून सुटका हवी होती आणि दुसऱ्यात बाबा हवे होते. वर्तनामागे बहुतेक वेळा चारांपैकी एखादं कारण सापडतं: कुणाचं तरी लक्ष हवंय, एखादी वस्तू किंवा कृती हवीय, कशातून तरी सुटका हवीय, किंवा त्या कृतीतून शरीरालाच काही मिळतंय. कधी दोन कारणं एकत्र असतात. कारण कळल्याशिवाय उपाय केला की नेमकं उलटं होतं. अभ्यास टाळण्यासाठी पेन्सिल फेकणाऱ्या मुलाला 'जा, कोपऱ्यात बस' म्हटलं, तर त्याला हवी ती सुट्टी आपणच दिली.

लिहिताना होणारी चूक म्हणजे मनातला अर्थ लिहिणं. 'हट्ट केला', 'मुद्दाम केलं', 'मूड खराब' यातून काही कळत नाही. कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच लिहा. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. त्यात तुमचं स्वतःचं वागणं येणार आहे. ते थेरपिस्टला दाखवायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो, पण तिला सगळ्यांत जास्त उपयोग त्याच रकान्याचा असतो.

तपासून पाहा: आठवड्याअखेरीस वेळेवर खुणा करा. एकाच वेळी, एकाच जागी पुन्हा पुन्हा घडतंय का? बऱ्याच घरांत संध्याकाळी सात ते नऊची वेळ निघते: भूक, दमणूक, आवाज आणि सगळी माणसं एकाच खोलीत.

## टप्पा ४: ध्येय एक ठेवा, आणि ते मुलाच्या उपयोगाचं असू द्या

पालकांची यादी मोठी असते: बोलू दे, शाळेत बसू दे, डोळ्यांत बघू दे, हात झटकणं थांबू दे. थेरपिस्टबरोबर बसून त्यातलं घरासाठी एकच निवडा. निवडताना विचारा: यातून मुलाचा दिवस सोपा होईल का? दिवसातून दहा वेळा सरावाची संधी येईल का? सहा ते आठ आठवड्यांत थोडं तरी दिसेल का?

'हवं ते बोट, चित्र किंवा शब्द वापरून मागेल' हे चांगलं ध्येय आहे. 'शू लागल्यावर बाथरूमच्या दाराला हात लावेल' हेही. 'शहाण्यासारखा वागेल' हे मोजताच येत नाही, म्हणून त्याला ध्येय म्हणता येणार नाही.

सावधान: हात झटकणं, गोल फिरणं, गुणगुणणं, ओळीनं गाड्या लावणं, यांनी कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवणं हे ध्येय ठेवू नका. अशा हालचालींनी स्वतःला शांत ठेवता येतं, हे मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं स्वतः सांगतात. ती दाबायला लावल्यानं लहानपणी किती त्रास झाला, हेही सांगतात. वर्तन-उपचारावरची त्यांची ही टीका गांभीर्यानं ऐकण्यासारखी आहे. जबरदस्तीनं हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावणं त्याच यादीत येतं. सोसायटीतले लोक बघतात म्हणून एखादं वर्तन बंद करायचं असेल, तर तो प्रश्न सोसायटीचा आहे.

## टप्पा ५: घर मांडा

वन रूम किचनमध्ये 'थेरपी रूम' होत नाही आणि तिची गरजही नाही. चार गोष्टी करा.

आवडीची यादी करा. खाऊ, खेळ, गाणं, गुदगुल्या, फॅनचं बटण दाबणं, काहीही. मूल मोकळं असताना आपणहून कशाकडे जातं ते बघून लिहा. आपल्याला वाटतं ते आवडतं असं नसतं, आणि आवड आठवड्यात बदलते.

आवडीच्या वस्तू पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात, दिसतील पण हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. सगळं हाताशी असेल तर मागायची वेळच येत नाही. जेवण, पाणी, झोपेची गोधडी आणि जवळ घेणं मात्र कधीच अडवून ठेवायचं नाही. ते कमवायच्या यादीत येत नाही.

दिवसाचा चित्रक्रम लावा. नेटवरची परदेशी चित्रं नकोत. तुमचीच मोरी, तुमची बादली, तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट, शाळेची व्हॅन यांचे फोटो काढा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट आणि लॅमिनेट करा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर वेल्क्रोनं चिकटवा. सुरुवातीला दोनच चित्रं: 'आधी' आंघोळ, 'मग' गॅलरी.

आवाजाची पूर्वसूचना द्या. मिक्सर लावायच्या आधी त्याला मिक्सरचं चित्र दाखवा, हेडफोन द्या किंवा दुसऱ्या टोकाला न्या, मगच बटण दाबा. वहीत कुकर, मिक्सर, ड्रिल यांची नोंद वारंवार आली असेल, तर एवढ्यानंच निम्मा त्रास कमी झालेला दिसतो.

## टप्पा ६: मागायला शिकवा

सगळा वेळ आणि सगळी चिकाटी इथे लावा. ज्याला मागता येतं, त्याला ओरडून मिळवायची गरज कमी पडते.

१. मुलाला आत्ता, या क्षणी काय हवंय ते बघा. हवंसं काही नसेल तर सराव करू नका.

२. त्याच्या उंचीवर या. कुरमुऱ्यांचा डबा हातात धरा. बोलू नका. पाच सेकंद थांबा, मनात मोजा. हे पाच सेकंद पालकांना सगळ्यांत जड जातात.

३. त्यानं हात पुढे केला, डब्याकडे बघितलं, आवाज काढला, चित्र दिलं, जे ठरलंय ते केलं की त्याच क्षणी चार कुरमुरे द्या आणि देताना एकदाच म्हणा, 'दे'. मूठभर देऊ नका, नाहीतर एका वेळेतच भूक भागते आणि पुढची संधी जाते.

४. काहीच केलं नाही तर मदत करा. जी सगळ्यांत कमी मदत पुरेल ती आधी: नजरेनं खूण, मग स्वतः करून दाखवणं, मग कोपराला हलका स्पर्श. हात ओढला तर सोडून द्या. मदतीनं केलं तरी वस्तू द्यायचीच.

५. आपणहून केलं त्या वेळी थोडं जास्त द्या. मदत लागली त्या वेळी थोडं कमी.

६. मदत दर काही दिवसांनी एक पायरी कमी करा. हे विसरलं तर मूल तुमच्या स्पर्शाची वाट बघत बसतं, आणि पुढे 'सांगितल्याशिवाय काही करत नाही' अशी तक्रार येते ती इथूनच.

टेबलावर बसवून वीस वेळा करून घेण्यापेक्षा दिवसभरात वीस संधी शोधा: दार उघडताना, झोका थांबवून, लिफ्टचं बटण दाबायच्या आधी, अर्धाच ग्लास पाणी देऊन 'अजून'साठी थांबताना (उरलेलं पाणी मागितलं नाही तरी द्यायचंच).

नेहमीच्या चुका. 'बोल, बोल ना, दे म्हण, काय हवंय, सांग ना' असा मारा. एकदा सांगा आणि थांबा. दुसरी चूक म्हणजे प्रश्नपत्रिका: 'हे काय? कावळा. हा कोण? रंग कोणता?' मुलाला यातून काही मिळत नाही, म्हणून ते उठून जातं. तिसरी म्हणजे खूण किंवा चित्र नाकारून शब्दावर अडून बसणं. चित्र दिलं, बोट दाखवलं, टॅबवरच्या ॲपनं 'पाणी' म्हटलं, हे सगळं बोलणंच आहे. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' नावाचं ॲप अशाच मुलांसाठी आहे. चित्रांची सवय लागली की बोलणं येणार नाही, ही भीती अनेकांना वाटते. अभ्यासांमध्ये तसं आढळलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं वाढतं.

'दे'इतकंच महत्त्वाचं आहे 'नको', 'पुरे' आणि 'थांब'. हे शब्द, किंवा तळहात दाखवण्याची खूण, तशाच पद्धतीनं शिकवा आणि मुलानं वापरली की मान्य करा. औषध, रस्ता, गरम भांडं असे अपवाद सोडले, तर नकार ऐकला गेला पाहिजे. ज्याच्या 'नको'ला घरात किंमत नसते, त्याला उद्या कुणी नको तिथे हात लावला तर तो 'नको' कसा म्हणणार?

तपासून पाहा: महिन्यातून दोनदा मोबाइल टेकवून ठेवा आणि तुमचा व मुलाचा पाच मिनिटांचा खेळ चित्रित करा. बघताना मुलाकडे बघू नका, स्वतःकडे बघा. मी किती सूचना दिल्या? त्यानं काही सुरू केलं तेव्हा मी मागे गेलो, की माझाच खेळ पुढे रेटला? गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत झालेल्या, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच पद्धत वापरली होती. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना त्यांचेच व्हिडिओ दाखवले, आणि मुलाला प्रतिसाद देण्याची पालकांची रीत सुधारली.

## टप्पा ७: रोजचं एक काम तुकड्यांत शिकवा

चड्डी घालणं, हात धुणं, तांब्यानं अंगावर पाणी घेणं यातलं एक निवडा. स्वतः सावकाश करून पायऱ्या लिहा. हात धुण्याच्या आठ-नऊ निघतात. मग शेवटून शिकवा: चड्डी गुडघ्यांच्या वर तुम्ही आणायची, कमरेपर्यंतचा शेवटचा ओढा त्याचा. तो जमला की त्याआधीचा. मूल प्रत्येक वेळी 'झालं!'वर थांबतं, अर्धवट सोडून दिल्यावर नाही.

सकाळी पाणी जायच्या घाईत हे शिकवू नका. घाईच्या वेळी तुम्हीच करून टाका आणि शिकवणं सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवा.

## टप्पा ८: आता त्रासदायक वर्तनाकडे या

वही उघडा आणि कारणानुसार वागा.

लक्ष हवं असेल तर वर्तन होण्याआधीच, दर दहा मिनिटांनी, आपणहून लक्ष द्या. शिवाय हात धरून बोलावण्याची किंवा खांद्यावर टकटक करण्याची रीत शिकवा. वस्तू हवी असेल तर टप्पा सहा. ओरडण्यावर वस्तू देऊ नका, पण मागण्याची खूण दाखवा आणि तिच्यावर लगेच द्या. सुटका हवी असेल तर काम अर्धं करा, मध्ये सुट्टीचं कार्ड ठेवा, आणि कार्ड दिलं की खरोखर सुट्टी द्या. शरीराला काही हवं असेल, उदाहरणार्थ कॉलर चावणं, तर चावायला सुरक्षित वस्तू द्या आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारा.

सावधान: जे वर्तन आजवर चालत होतं, त्याला फळ मिळायचं थांबलं की ते अनेकदा आधी वाढतं. रडणं दुप्पट होतं, शेजारी दार वाजवतात. तिसऱ्या दिवशी आपण हरून वस्तू दिली, तर मूल शिकतं की एवढं मोठ्यानं रडलं की मिळतं. म्हणून हे सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना आणि शेजाऱ्यांना कल्पना द्या. शाळेची परीक्षा, घरात लग्न, आजारपण असेल तर सुरूच करू नका. डोकं आपटणं, स्वतःला चावणं, रस्त्यावर पळत सुटणं यात दुर्लक्षाचा उपाय स्वतःच्या मनानं अजिबात वापरायचा नाही. त्यासाठी थेरपिस्ट आणि डॉक्टर दोघेही हवेत.

काहीतरी मिळवण्यासाठीचं रडणं आणि मेल्टडाउन यांत गल्लत होते. पहिल्यात मूल मध्येच तुमच्याकडे बघतं, वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाउनमध्ये आवाज, गर्दी, बदल यांचा भार सहन होईनासा झालेला असतो. वस्तू दिली तरी थांबत नाही. त्या वेळी शिकवणं, समजावणं, बक्षीस, सगळं बाजूला. दिवा कमी करा, माणसं कमी करा, टोकदार वस्तू हलवा, बोलणं थांबवा, जवळ बसा. अंगावर बसून किंवा हातपाय दाबून धरू नका.

मारणं, चटका, कोंडून ठेवणं, मिरची लावणं: हे कुणी थेरपी म्हणून सुचवलं तरी नाही. कारण कुठलंही असो, मारानं मूल फक्त भीती शिकतं, आणि मागायची रीत जिथे शिकायची ती माणसंच त्याला नकोशी होतात.

## टप्पा ९: घराबाहेर न्या

घरी दोन वेगवेगळ्या माणसांबरोबर जमलं की मग बाहेर. क्रम असा: घरातलं दुसरं माणूस, घरातली दुसरी जागा, मावशीचं घर, बाग, दुकान. एका वेळी एकच गोष्ट बदला.

लोकलचं उदाहरण घ्या. रविवारी सकाळी, गर्दी नसताना, फक्त पुलावर उभं राहून गाड्या बघा आणि परत या. पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मवर दहा मिनिटं. मग सुरुवातीच्या स्टेशनवर उभ्या गाडीत चढणं-उतरणं. मग एक स्टेशन. प्रत्येक पायरी मूल शांत असताना संपवा, म्हणजे रडू यायच्या आधी परत फिरा. दिव्यांगांच्या डब्यातून जाणार असाल तर प्रमाणपत्र जवळ ठेवा. मुलाच्या खिशात किंवा बॅगेत तुमचा फोन नंबर आणि 'मला ऑटिझम आहे, मला बोलता येत नाही' अशी चिठ्ठी असू द्या.

केस कापणं असंच: आधी घरात कात्रीचा आवाज, मग सलूनमध्ये बाबांचे केस कापताना बघणं, मग नुसतं खुर्चीत बसणं. गणपतीतल्या ढोल-ताशांसाठी श्रावणातच तयारी सुरू करा. मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी हळू, त्याच्या आवडत्या खेळाबरोबर, रोज थोडा. तरीही मिरवणुकीच्या दिवशी कानावर हात गेले, तर घरी आणा. तो दिवस परीक्षेचा नाही.

## टप्पा १०: थेरपिस्टबरोबर आढावा घ्या

महिन्यातून एकदा, मूल सोबत नसताना, अर्धा तास मागून घ्या. आई-बाबा दोघंही जा. घरी करणारी आई आणि फी भरणारे बाबा अशी वाटणी असेल तर आईवर दुहेरी भार येतो: शिकायचंही तिनं आणि घरच्यांना पटवायचंही तिनं. वही, एक व्हिडिओ आणि साधा तक्ता न्या: या आठवड्यात किती वेळा आपणहून मागितलं, किती वेळा मदत लागली.

दोन-तीन आठवडे आकडा हललाच नसेल तर मुलाला दोष देऊ नका, योजना बदला. विचारा: बक्षीस जुनं झालं का, पायरी मोठी आहे का, मदत कमी करायची राहून गेली का, कारण ओळखण्यात चूक झाली का? थेरपिस्टनं 'अजून तास वाढवा' एवढंच उत्तर दिलं, तर आधी या चारांची उत्तरं मागा.

फी परवडत नाही म्हणून सेशन कमी करावे लागले, तर निम्मे सेशन पालक-प्रशिक्षणासाठी वापरायची विनंती करा. तुम्ही करायचं आणि थेरपिस्टनं बघून दुरुस्त करायचं. उम्मीदसारख्या मुंबईतल्या संस्था पालकांबरोबर काम करतात, तिथेही चौकशी करा.

मध्ये खंड पडणारच: ताप, गावी जाणं, पावसानं बंद पडलेल्या गाड्या. खंडानंतर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. मागच्या दोन पायऱ्या पकडा, जिथे मूल हमखास जमवतं. तीन-चार दिवस तिथेच रमू द्या. आणि घरातल्या प्रत्येकाला ती शब्दांची यादी पुन्हा एकदा विचारा, कारण गावाहून परत येताना 'पाणी'चं परत 'मम्मं' झालेलं असतं.